चित्रांतील समुद्र आणि समुद्राची माणसे

बडोद्याला समुद्र नाही. विश्वामित्रीचे पाणी अखेर खंभातच्या आखाताला जाऊन मिळते, एवढाच आपला समुद्राशी संबंध. आणि ती नदी आज ज्या अवस्थेत आहे ती पाहता या संबंधाचा फार अभिमान बाळगावा असेही नाही. तरी बडोद्याच्या मराठी घरांत वाढलेल्या आमच्या पिढीच्या मनात समुद्राचे आणि समुद्रकाठच्या माणसांचे एक चित्र प्रत्यक्ष समुद्र पाहण्यापूर्वीच तयार झालेले होते. माझ्यापुरते बोलायचे तर ते या ग्रंथालयाच्या कपाटातून आले. वडील पुस्तक बदलून घेईपर्यंत मी दिवाळी अंकांचे जुने बांधीव खंड चाळीत बसे. त्यांतल्या एका खंडात, कसे कोण जाणे, एक मुखपृष्ठ शिल्लक राहिले होते. डोक्यावर पाटी, घट्ट कसलेले लुगडे, केसांत अबोलीची वेणी, आणि मागे निळ्या रंगाचे दोन फटकारे. ते दोन फटकारे म्हणजे समुद्र.

'शिल्लक राहिले' असे म्हणण्याचे कारण जुन्या सभासदांना सांगावयास नको. खंड बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची रीत त्या काळी होती. मजकूर जपावयाचा आणि वेष्टन टाकावयाचे, असा सरळ हिशेब. गोमंतकात जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी (१९१६–१९७१) १९४५ पासून 'दीपावली' काढला आणि मुखपृष्ठ हेही पाहण्याजोगे, जपण्याजोगे असते हे मराठी वाचकाला शिकविले. परंतु बाइंडरच्या सुरीपर्यंत हा धडा पोहोचला नाही. असो. माझ्या त्या मुखपृष्ठावर चित्रकाराची सही कोपऱ्यात होती, ती मला लागली नाही. बाई कोण हे लिहिलेले नव्हते. तसे लिहिण्याची पद्धतच नव्हती. प्रस्तुत लेखात मला त्या बाईविषयी आणि तिच्यामागच्या त्या दोन फटकाऱ्यांविषयी लिहावयाचे आहे. मी कलासमीक्षक नव्हे, मराठीचा अध्यापक आहे; तेव्हा जाणकारांनी चूकभूल सांभाळून घ्यावी.

गोष्ट छायाचित्रांपासून सुरू करणे इष्ट. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही होते. हे घराणे मूळचे पेडणे महालातील मांद्रे गावचे, म्हणजे अगदी किनाऱ्यावरचे. भाऊ दाजींचे नाव सर्वतोमुखी आहे. नारायण दाजी हे आपल्याकडील अगदी आरंभीच्या छायाचित्रकारांपैकी एक होते हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. १८५६ ते १८५८ या काळात मुंबईत निघालेल्या छायाचित्रांच्या एका नियतकालिक संग्रहात त्यांनी काढलेली चित्रेही आहेत. त्या संग्रहाच्या चालकांपैकी विल्यम जॉन्सन याने पुढे १८६३ आणि १८६६ साली मुंबईतील नाना जातिजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. या खंडांतील चित्रांची घडण मोठी विलक्षण आहे. माणसांचे छायाचित्र एका जागी घेतलेले, पार्श्वभूमी दुसऱ्याच जागची. आणि दोन्ही जोडून एक चित्र बनविलेले.

यात लबाडी होती असे मला वाटत नाही. त्या काळची पद्धत ओल्या काचेची होती. काचेवर द्रव ओतावयाचा, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची आणि सुकण्यापूर्वी अंधाऱ्या खोलीत धुवावयाची. प्रकाश काचेवर पडू देण्यास काही क्षण लागत. तेवढ्या वेळात माणूस सांगितल्याप्रमाणे स्तब्ध बसेल. लाट बसत नाही, होडीही बसत नाही. तेव्हा समुद्रावर जाऊन तेथील माणसाचे कामातले चित्र घेणे त्या यंत्राला शक्यच नव्हते. माणूस अंगणात आणून उभा करावयाचा आणि त्याच्यामागचा देखावा नंतर चिकटवावयाचा, ही तडजोड त्यातून आली. नवल वाटते ते पुढच्याचे. यंत्र सुधारले, लाट पकडता येऊ लागली. तरी माणूस निराळा आणि समुद्र निराळा ही सवय चित्रांतून लवकर गेली नाही.

रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांचेच पाहा. जन्म १८६७, कोल्हापूरचा, म्हणजे घाटावरचा. १८९० साली ते जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि विद्यार्थी, शिक्षक, मुख्याध्यापक अशा पायऱ्या चढत १९३१ साली तेथूनच निवृत्त झाले. या सर्व काळाची हकीकत त्यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' (१९४०) या आत्मचरित्रात सांगितली आहे. चित्रकलेत ज्यांना गोडी नाही त्यांनीही गद्यासाठी म्हणून ते वाचावे. विसाव्या शतकाच्या आरंभी धुरंधरांच्या चित्रांची पोस्टकार्डे छापली जात आणि मुंबईची माणसे त्यांवरून दूरदूर पोहोचत. ऑटो रॉथफेल्ड या सनदी अधिकाऱ्याच्या भारतीय स्त्रियांवरील पुस्तकासाठी (१९२०) त्यांनी जी चित्रे काढली त्यांत मुंबईची मासेवालीही आहे.

धुरंधरांचा हात स्त्रियांच्या वस्त्रप्रावरणांवर किती बसलेला होता हे वेगळे सांगण्याची गरज नाही. लुगड्याचा काठ कोठे वळतो, ओचा कसा खोचलेला आहे, पदर कोणत्या खांद्यावरून येतो, यांवरून जात, प्रांत आणि कधी कधी घरची स्थितीही ते सांगून जातात. कोळिणीचे लुगडे पोटऱ्यांवर का कसलेले असते? तिला चिखलातून आणि ओल्या फरसबंदीवरून चालावयाचे असते म्हणून. हे त्यांच्या रेषेला कळलेले आहे. पण ही कोळीण त्यांना भेटली कोठे? माझा तर्क असा की ती समुद्रावर भेटली नसावी, बाजारात भेटली असावी. जे. जे. कलाशाळेपासून हाकेच्या अंतरावर क्रॉफर्ड मार्केट. ते १८६९ साली सुरू झाले आणि त्याच्या लगत मासळीचा मोठा बाजार भरत असे. वर्गातून बाहेर पडले की चित्रकारापुढे आयत्याच कोळिणी उभ्या.

यामागे कोळी समाजातील कामाची वाटणीही आहे. मासळी धरावयाची पुरुषाने आणि विकावयाची बाईने. पैशाचा व्यवहार बाईच्या हाती. डोल जाळ्याचे काम ओहोटी-भरतीच्या वेळापत्रकाने चालते. समुद्रात रोवलेल्या खांबांना पिशवीसारखे जाळे बांधलेले असते. पाण्याच्या ओढीबरोबर मासळी त्यात शिरते आणि ओढ मंदावली की जाळे उपसावे लागते. ही वेळ कधी पहाटे दोनची, कधी ऐन दुपारची. शहराला हे काम दिसत नाही. शहराला दिसते ती सकाळी दारात किंवा बाजारात आलेली पाटीवाली. म्हणून चित्रांत कोळीण आहे, कोळी क्वचितच आहे. पाटी आहे, जाळे नाही. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घालण्याचे कामही बायकाच करतात, परंतु ते कोळीवाड्याच्या आत, आणि तिथला वास सोसून चित्रफळी मांडणारे चित्रकार थोडेच.

याच ठिकाणी मराठी भाषेच्या अध्यापकाने आपल्या घरातलेही सांगावे. मराठी मनातील कोळीगीतांचा मोठा भाग शांता शेळके यांनी लिहिला आणि हृदयनाथ मंगेशकरांनी त्यास चाली दिल्या. शांताबाईंचा जन्म इंदापूरचा, पुणे जिल्ह्यातला. समुद्र तेथून घाटाच्या पलीकडे. ती गाणी इतकी अस्सल वाटतात की कोळीवाड्यांतल्या लग्नांतही ती वाजतात असे ऐकतो. तेव्हा बाहेरच्याने केलेले चित्र खोटेच असते असे म्हणण्याचा माझा मुळीच आग्रह नाही. उलट असा अनुभव येतो की किनाऱ्यावर जन्मलेल्याला समुद्र हा रोजच्या अंगणासारखा असतो, त्याचे त्याला काही वाटत नाही. आणि घाटावरून उतरलेला माणूस मात्र डोळे विस्फारून पाहत राहतो.

बी. प्रभा या अशाच दुरून आलेल्या. जन्म १९३३ चा, नागपूरजवळच्या बेला गावातला. विदर्भातून समुद्र म्हणजे एक भूगोलातला शब्द. नागपूरच्या कलाशाळेतून त्या मुंबईला जे. जे. मध्ये आल्या. शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी १९५६ साली त्यांचा विवाह झाला. एअर इंडियाने आपल्या कचेऱ्यांसाठी चित्रे विकत घेण्यास सुरुवात केली तेव्हा आरंभीच्या खरेदीत प्रभाबाईंची चित्रे होती. अशा रीतीने त्यांच्या बायका विमान कंपनीच्या भिंतींवर गेल्या. पुढे त्यांचे नाव आणि कोळीण ही जोडी जमून गेली ती कायमची. सोलापूरचे अलमेलकर यांनीही मच्छीमारांची चित्रे केली, परंतु त्यांच्या चित्रांत नक्षीचा आनंद अधिक. प्रभाबाईंच्या कोळिणी उंच, सडपातळ, लांब मानेच्या. डोळे खाली झुकलेले. सगळ्या चित्रावर एकाच रंगाचा अंमल.

या चित्रांपुढे उभे राहिल्यावर माझी नेहमी एक अडचण होते. त्या फार शांत आहेत. मासळीबाजारात ज्याने एकदा भाव करून पाहिला आहे त्याला ही शांतता पटणे कठीण. खरी कोळीण झुकल्या डोळ्यांनी उभी राहत नाही; ती आधी आपल्याकडे पाहते, मग आपल्या पिशवीकडे, आणि मग भाव सांगते. बरीच वर्षे मी हे या चित्रांचे वैगुण्य समजत होतो. पुढे लक्षात आले की कष्टकरी, ग्रामीण स्त्रीचे दुःख हा आपला विषय असल्याचे प्रभाबाई सांगत असत. म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावरील कोळिणीत त्यांना कदाचित बेल्याकडची, डोक्यावर घागर घेऊन उन्हात चालणारी बाई दिसत असावी. पाटी समुद्राची आणि मान विदर्भाची. हे कळल्यावर चित्र अधिक आवडू लागले. परंतु ते कोळिणीचे चित्र आहे काय, हा प्रश्न मिटला नाही.

आता त्या दोन निळ्या फटकाऱ्यांकडे वळतो. इथेही योगायोग असा की त्यांना मोठेपणा देणारा चित्रकार नागपुरातच जन्मला. वासुदेव संतू गायतोंडे, जन्म १९२४, घराणे गोमंतकातले, वाढले मुंबईच्या गिरगावात. जे. जे. चे शिक्षण १९४८ साली पुरे झाले. वॉर्डन रोडवर समुद्राला लागून भुलाभाई देसाई स्मारक संस्था होती. तेथे चित्रकार, नाटकवाले, गवई, वादक यांना नाममात्र भाड्याने जागा मिळे. गायतोंडे तेथे काम करीत. हुसेन, तय्यब मेहता, गोमंतकात जन्मलेल्या प्रफुल्ला डहाणूकर ही मंडळी तेथलीच. गायतोंडे समुद्राकडे तासन् तास पाहत बसत, असे त्यांच्याबरोबरीचे लोक सांगत आले आहेत.

परंतु त्यांनी समुद्राचे चित्र काढले नाही. आपल्या चित्रांत कोणतीही वस्तू नाही, ती 'वस्तुनिरपेक्ष' आहेत, असे ते म्हणत. साठाच्या दशकातील त्यांच्या कॅनव्हासवर एक आडवी रेघ किंवा पट्टा येतो, आणि वरखाली रंगांचे थर रुळाने व सुरीने पसरलेले. पाहणाऱ्याला तेथे क्षितिज दिसते, धुके दिसते. चित्रकाराने नाव दिलेले नसल्यामुळे त्यावर वाद घालता येत नाही. मला इतकेच दिसते की मागच्या शंभर वर्षांत ज्या समुद्राला माणसाच्या पाठीमागे उभे राहावे लागले तो येथे प्रथमच पुढे आला. आणि तो आला तेव्हा माणूस पार नाहीसा झाला. होडी नाही, जाळे नाही, पाटी नाही. भुलाभाई संस्थेची ती वास्तू पुढे पाडली गेली. गायतोंडे १९७२ च्या सुमारास दिल्लीला गेले, जिथे समुद्र नाही, आणि २००१ साली तेथेच वारले. ज्या किनाऱ्याकडे ते पाहत बसत तेथे आता भराव घालून किनारी मार्ग झाला आहे. २०२४ पासून त्यावरून मोटारी धावतात.

गायतोंड्यांना ज्येष्ठ मानणाऱ्या एक चित्रकर्ती याच भुलाभाई संस्थेत काम करीत होत्या आणि पुढे त्या आपल्या गावी आल्या. नसरीन मोहमदी, जन्म १९३७, कराची. लंडन आणि पॅरिस येथे शिक्षण. १९७२ पासून त्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या ललितकला विभागात शिकवीत. त्यांची चित्रे म्हणजे कागदावरील शाईच्या आणि पेन्सिलीच्या रेषा, नकाशे काढण्याच्या साधनांनी आखलेल्या. इतक्या बारीक, की छपाईत त्यांचा निम्मा जीव जातो. चित्रांना नावे नाहीत, बहुतेकांवर तारखाही नाहीत. याखेरीज त्या छायाचित्रे काढीत. पाणी, वाळू, किनाऱ्यावर उमटलेल्या खुणा, रस्त्यावरचे पट्टे, मागावरचे धागे. ही छायाचित्रे त्यांनी हयातीत कधी प्रदर्शनात मांडली नाहीत.

मुंबईच्या दक्षिणेस, अलिबागजवळ किहीम येथे त्यांच्या कुटुंबाचे घर होते. (पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींनी १९३० साली सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला तेच हे किहीम; गाव लहान असले तरी पाहणाऱ्यांच्या नशिबाचे आहे.) शेवटच्या वर्षांत एका मज्जाविकाराने त्यांच्या हालचालींवरचा ताबा सुटत चालला होता, आणि त्याच काळात त्यांच्या रेषा अधिकच काटेकोर, अधिकच विरळ होत गेल्या. १९९० च्या मे महिन्यात किहीम येथे त्या वारल्या. २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आपली नवी इमारत उघडताना जी प्रदर्शने ठेवली त्यांत त्यांचे एक होते.

हे सारे मला वर्तमानपत्रातून कळले. अठरा वर्षे ज्या गावात त्या राहिल्या त्या गावातील आम्हा मराठी मंडळींना त्यांची गंधवार्ता नव्हती. ललितकला विभाग आपल्यापासून सायकलच्या अंतरावर. बेंद्र्यांविषयी आम्हांला अभिमान होता, कारण ते इंदूरचे, आपल्यातले. त्यांनी १९५० पासून हा विभाग उभारला हे आम्ही पाहुण्यांना सांगत असू. पण एक बाई रोज रेषा आखते आणि त्या रेषांत किहीमची ओहोटी आहे, हे कोणी आम्हांस सांगितले नाही. आम्हीही कोणाला विचारले नाही. शंभर वर्षांच्या या उत्सवात इतर अनेक गोष्टींबरोबर हेही नोंदलेले बरे.

राहता राहिली मुखपृष्ठावरची ती बाई. तिच्या बाजूने बोलणारा चित्रकार मिळण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. ठाणे स्थानकाजवळच्या चेंदणी कोळीवाड्यातील पराग तांडेल जे. जे. मध्ये आणि नंतर आपल्या बडोद्यात शिल्पकला शिकले. तांडेल म्हणजे होडीवरचा म्होरक्या. वलसाड-दमणकडील मच्छीमारांत हे आडनाव आहे हे इथल्या वाचकांना ठाऊक आहेच. समुद्रातील जीवांवरून सुचलेले आकार ते घडवितात. त्यांनी आणि कादंबरी कोळी यांनी 'तांडेल फंड ऑफ आर्काइव्ह्ज' या नावाने आपल्या समाजाच्या वस्तू, जेवणाखाण्याच्या रीती, शब्द आणि आठवणी जमविण्याचे काम चालविले आहे. त्यांच्या संग्रहात माणसाला नाव आहे, नाते आहे. ही पाटी अमक्या आजीची, हे कालवण अमक्या घरचे. ठाण्याच्या खाडीतील मासेमारी जवळजवळ संपत आली असताना हे चालले आहे, म्हणून त्यात घाई आहे.

वरळीच्या कोळ्यांनी किनारी मार्गाच्या पुलाखालून होड्या नेण्यासाठी खांबांतील अंतर वाढवून मागितले. बरीच भांडणे होऊन ते ६० मीटरांवरून १२० मीटर करण्याचे ठरले. चित्रकारांना जो समुद्र मोकळा दिसत होता तो मोकळा नव्हता, त्यात वाटा होत्या, कोणत्या होडीने कोठून जावयाचे हे पिढ्यान् पिढ्या ठरलेले होते. ही गोष्ट मला एकाही चित्रातून कळली नव्हती. ती मला त्या १२० मीटरांच्या बातमीने सांगितली.

लेख लिहिण्यास घेतल्यावर मी ग्रंथालयात जाऊन तो दिवाळी अंकांचा खंड पुन्हा शोधला. तो मध्यंतरी नव्याने बांधण्यात आला आहे. मजकूर सगळा शाबूत आहे; मुखपृष्ठ नाही. ज्या सभासदांच्या घरी १९७० पूर्वीचे दिवाळी अंक मुखपृष्ठांसह असतील त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी एकवार ग्रंथपालांना दाखवावेत. प्रत द्यावयाची नसल्यास छायाचित्र घेऊ द्यावे. मागे निळे दोन फटकारे असलेली कोळीण आढळल्यास मला अवश्य कळवावे. कोपऱ्यातील सही या खेपेस लागते का, हे पाहावयाचे आहे.